बाबांची मेडिकल आणि तांब्याभर पाणी

आमच्या बाबांना मेडिकल पास व्हायची कला येत होती. रेल्वेत इंजिन चालवणाऱ्याला दर काही वर्षांनी डॉक्टरांपुढे उभं राहावं लागे. तिथे नापास झालं की गाडी हातातून जायची आणि शेडमधलं हलकं काम मिळायचं. बाबांनी ती वेळ येऊ दिली नाही. चार दिवस आधी गोड बंद, भात बंद, पहाटे बुढा तलावाला फेऱ्या आणि तपासणीच्या सकाळी तांब्यावर तांब्या पाणी. निवृत्त झाले, शुगर जुनी झाली, पण हा रिवाज काही सुटला नाही.

मी तेव्हा नव्या रायपूरच्या एका कार्यालयात नोकरी करत होते आणि आम्ही जुन्या शहरात, बुढापाऱ्यात राहत होतो. भनपुरी भागात राहणारे बाबांचे इंजिनावरचे जुने जोडीदार शुगरमुळेच आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे. एकदा मी त्यांना सोबत केली. चार तास त्या खुर्चीपाशी बसले आणि सरळ सांगते, घाबरले. बाबा त्या खुर्चीत मला नको होते.

बाबांचं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, नॉर्मल होतं, लघवीत बुडवून पाहायची पट्टीही कोरी. तो कागद ते आल्यागेल्याला दाखवायचे. नातेवाईक मला म्हणाले, दुखणं नाही तर कशाला उकरून काढतेस? गल्लीतल्या लॅबमधली दीदी मात्र म्हणाली की रक्तातला आकडा उशिरा बोलतो. किडनी बिघडायला लागली की आधी लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपतं.

पुढच्या तपासणीच्या सकाळी बाबा तिसरा तांब्या रिकामा करत होते.

"बाबा, काहून एवढं पाणी पिऊन राहिले?"

"तहान लागली."

डिसेंबरात, सकाळी सहा वाजता, तहान.  मी लॅबमध्ये गेले आणि दीदीला सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, पाण्याने अल्ब्युमिन पातळ होतं तसं लघवीतलं क्रिएटिनिनही पातळ होतं. दोन्हींचं प्रमाण काढलं की पाणी पिऊन काही लपत नाही. बाबांना न विचारता मी त्यांच्या नमुन्यावर ती चाचणी लावली. चुकीचं होतं का? असेल. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावेन.

प्रमाण वाढलेलं निघालं.

घरात वादळ झालं. "माझ्याच घरात माझी पोट्टी मले फेल करून राहिली," बाबा म्हणाले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"बाबा, तुम्ही पास झाले तर आता कोणती गाडी मिळणार हाय तुम्हाले?"

 ते म्हणाले, "फेल झालेल्या मानसाले सगळे कसे पाहतात, ते तू नाही पाहिलं." माझा राग तिथेच उतरला. हट्ट नाही उतरला.

एका आकड्यावर भागत नाही, पक्कं करायला काही आठवड्यांनी दुसरा नमुना लागतो. तो नमुना द्यायच्या आठवड्यात बाबांनी भात खाल्ला, फेऱ्याही वाढवल्या नाहीत. सकाळी उठल्यावर पहिली लघवी डबीत घेतली आणि डबी हातात धरून, पिशवीबिशवी न घेता, भर गल्लीतून लॅबपर्यंत चालत गेले. मागून मी स्कूटर घेऊन. ओळखीच्यांनी विचारलं तर थांबून सांगत होते की हे काय आहे.

याही वेळी प्रमाण वाढलेलंच आलं. डॉक्टरांनी गोळी लिहिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि म्हणाले, "अच्छा हुआ दादाजी, टाइम पर पकड़ में आ गया."

"पकड़ा किसी ने नहीं, साहब," बाबा ताठ बसून म्हणाले. "मैंने खुद बताया."

आणि मी, जिने चोरून चाचणी लावली होती, तिने मान डोलावली.