करंगळी नसलेला हात

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते त्यातल्या चुका शोधायला. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. माणसाने डोळ्यांनी बघितलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं यात किती फरक पडू शकतो, हा माझ्या आवडीचा विषय. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही... त्यामुळे जे झालं तेवढंच सांगते.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं नाटे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिकडे गेले होते. दुपारी बाबांबरोबर जेटीवर मासळी आणायला गेले. भरतीची वेळ होती. मी शेवंतीमावशीच्या टोपलीतले बांगडे निवडत होते. बाबा ओळखीच्या होडीवाल्याशी बोलायला पायऱ्या उतरले, आणि शेवाळावरून पाय सटकून थेट खाडीत! त्यांना आता पोहणं झेपत नाही, मला तर येतच नाही.

मी धावत पायऱ्यांपर्यंत पोचले तोवर एकाने उडी टाकलेली होती. त्याने बाबांचं मनगट धरून त्यांना ओढत आणलं आणि पायरीवर ढकललं. चेहरा मला स्वच्छ दिसला — सुहास. बाबांच्या चुलतभावाचा मुलगा. जमिनीच्या हद्दीवरच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, आमच्या दोन घरांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, म्हणून तर तो चेहरा जास्तच लक्षात राहिला. बाबा खोकून, ओकून जरा शुद्धीवर येईपर्यंत तो निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सुहासच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मी बरोबर होते. सुहासची आई बाहेर आली.

"वहिनी, भांडण राहू दे बाजूला. सुहासने काल मला बुडताना काढलान."

काकू बघतच राहिल्या. "सुहास मुंबईला हाय भावोजी. गणपतीनंतर आलाच नाय तो."

त्यांनी फोन लावून आमच्यासमोर धरला. मागे यंत्रांचा आवाज. "मी काल दिवसभर कंपनीत होतो अण्णा," सुहास म्हणाला. "पण... तुम्ही बरे आहात ना?"

इथून माझा विषय सुरू झाला. घाबरलेला माणूस अर्धवट दिसलेला चेहरा ओळखीच्या चेहऱ्याने पूर्ण करतो. शिवाय एकाने नाव घेतलं की बाकीच्यांनाही तोच दिसल्यासारखा वाटतो. म्हणून शेवंतीमावशीला एकटीला गाठलं आणि कुणाचंच नाव न घेता विचारलं.

"कोण म्हंजे? सुहास! मी काय वळखत नाय त्याला?"

जेटीवर सगळ्यांना विचारून झालं. उडी मारणारा मीच, असं सांगायला कुणी पुढे आलं नाही.

बाबांशी मी वाद घातला. त्यात एक गोष्ट माझ्या बाजूची होती. बाबा पहिल्या रात्रीपासून सांगत होते, "ज्या हाताने मला धरलान, त्याला करंगळी नव्हती."

"मग तो सुहास नव्हताच की! त्याची पाची बोटं शाबूत आहेत, बाबा."

"तुझं शिक्षण तुझ्यापाशी. मी हाताला लागलं ते सांगतोय."

शिमग्याला सुहास गावी आला आणि आपणहून आमच्याकडे आला. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडत होता, म्हणून अवघडला असेल असं मला वाटलं. डावा हात खिशातच ठेवून बसला होता. बाबा म्हणाले, "हात बघू रे तुझा."

त्याने हात बाहेर काढला. करंगळी मुळापासून गेलेली होती.

दिवाळीनंतर मशीनमध्ये सापडली होती. आईने जिवाला लावून घेतलं असतं, म्हणून त्याने घरी कळूच दिलं नव्हतं. "काल घरी आलो तेव्हा तिने बघितलं," तो म्हणाला. "तोवर गावात कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं अण्णा?"

बाबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग एकदा माझ्याकडे बघितलं.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. गडगा आहे तिथेच आहे, त्याचा विषय कुणी काढत नाही.

यंदा सुहास भेटला तेव्हा जरा चाचरत म्हणाला, "ताई, हसू नका. मला आता ते आठवतं. पाण्याचा गारवा, अण्णांचं वजन..."

मी त्याला समजावलं. एकच गोष्ट इतक्यांदा ऐकली की मन तिची आठवण तयार करतं. यात काही विशेष नाही, चांगल्या चांगल्या माणसांचं होतं.

"तसंच असेल," तो म्हणाला. "तुम्ही पायरीवर एका पायात चप्पल घालून उभ्या होतात, तेही ऐकलेलंच असणार."

धावताना माझी एक चप्पल खाडीत गेली होती, हे खरं आहे. हे मी त्याला, किंवा दुसऱ्या कुणाला, कधी सांगितलं होतं का — खूप आठवून बघितलं. मला सांगता येत नाही.