अक्षरं गिळणारी मुलगी

कोर्टातून निवृत्त झाल्यावर मावशींनी पहिले दोन महिने घरातली कपाटं आवरली, तिसऱ्या महिन्यात आवरलेली कपाटं पुन्हा आवरली आणि चौथ्या महिन्यात त्या टीव्हीवरच्या बातम्या लघुलिपीत उतरवून घेऊ लागल्या. काकांनी दोन-तीन दिवस गुपचूप पाहिलं आणि शेवटी विचारलं, "हे कुणाला द्यायचंय?"

"कुणाला नाही. हात शिवशिवतात."

शिवशिवणारच. बत्तीस वर्षं त्या हातानं साक्षीदारांचे जबाब टिपले होते. मिनिटाला एकशे चाळीस शब्द. साक्षीदार रडत बोलो, बोबडं बोलो, वकिलावर ओरडत बोलो, मावशींच्या वहीतून काही निसटायचं नाही. न्यायाधीश बदलत गेले, मावशी तिथंच राहिल्या: न्यायाधीशांच्या उंच टेबलापुढे खाली, साक्षीदाराच्या बरोबर समोरच्या खुर्चीत.

त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी दोन मैत्रिणींबरोबर नव्या गाण्यांची वेबसाइट चालवायची. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या, खाली मशीन सुरू झालं की टेबलावरचे कप नाचायला लागायचे. दर आठवड्याला तिथं दहा-बारा नवे हिप हॉप अल्बम आणि मिक्सटेप येऊन पडत आणि ऐकून लिहिणारी पोरं प्रत्येकाबद्दल तेच तीन शब्द लिहीत: अफाट, जाळ, नाद नाही. एकदा एका ओळीवरून दोघांची जुंपली. एक म्हणे रॅपर 'विहीर' म्हणतोय, दुसरा म्हणे 'बहीण'. दोन दिवस भांडण मिटेना, तेव्हा भाची फोन घेऊन मावशींकडे आली.

"मावशी, एवढी एक ओळ लिहून देतेस?"

मावशींनी अख्खी मिक्सटेप लिहून दिली. तेरा गाणी, एकदाच ऐकून. तो 'विहीर'च म्हणत होता. वही मिटता मिटता त्या म्हणाल्या, "पण हा पोरगा चौथ्या गाण्यात म्हणतो लहानपणी घरात चूल पेटत नव्हती आणि नवव्यात म्हणतो लहानपणी दारात घोडा होता. उलटतपासणीत दोन मिनिटं टिकायचा नाही."

भाची आधी खो खो हसली. मग तिनं तेच वाक्य वेबसाइटवर टाकलं, खाली नाव दिलं 'स्टेनोमावशी'. त्या आठवड्यात बाकीचं कुणी काही वाचलंच नाही.

तिथून मावशींचा सोमवारचा स्तंभ सुरू झाला. त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्यांदा ऐकायचं ते पेन्सिल घेऊन, शब्दांसाठी. दुसऱ्यांदा डोळे मिटून, तालासाठी. ठेका पक्का असेल तर पायाचा अंगठा आपोआप हलतो आणि नसेल तर तो कितीही सांगून हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्यांदा इस्त्री करताना. गाण्यापायी हात थांबला, तर त्या गाण्यात काहीतरी आहे. एकदा काकांचा सदरा जळला, तेव्हा त्या अल्बमला दहापैकी आठ गुण मिळाले. काकांना दुसरा सदरा मिळाला.

अल्बम आणि मिक्सटेप यांत फरक काय, असं एका वाचकानं विचारलं, तेव्हा त्यांनी लिहिलं: अल्बम म्हणजे शपथेवर दिलेला जबाब, मिक्सटेप म्हणजे कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून केलेल्या गप्पा. शपथेवर माणूस जपून बोलतो. बाकावर तो खरं बोलून जातो.

वर्ष-दोन वर्षांत मावशींचं चांगलंच नाव झालं. त्यांनी चार गुण दिले की रॅपर आठवडाभर तोंड लपवून फिरतात, असं भाची कौतुकानं सांगायची. मावशी लटक्या रागानं "काहीतरीच" म्हणायच्या, पण दर सोमवारी वेबसाइट स्वतः दोनदा उघडून बघायच्या.

फक्त एक गोष्ट त्यांना हल्ली खटकायला लागली होती. नवी पोरं अक्षरं गिळतात. शब्दांची टोकं खाऊन टाकतात. "काय घाई असते यांना!" असं त्या म्हणायच्या आणि गुण कापायच्या. काकासुद्धा हल्ली पुटपुटतच बोलतात, ही त्यांची आणखी एक तक्रार होती. काका म्हणायचे, "मी चाळीस वर्षं वर्गात भूगोल शिकवला. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा माझा."

"तेव्हा जात असेल," असं मावशींचं उत्तर.

अशात 'तळमजला ते गच्ची' नावाची मिक्सटेप आली. ती करणारी मुलगी लिफ्टची दुरुस्ती करायची. दिवसा इमारतींमधून, संध्याकाळी मित्राच्या गॅरेजात रेकॉर्डिंग. नावही तिनं 'लिफ्टवाली' असंच घेतलेलं. मावशींनी तीनदा ऐकलं आणि लिहिलं: ठेका उत्तम, दम भरपूर, पण ही मुलगी अक्षरं गिळते. सात ठिकाणी तर शब्दच कळत नाहीत. चार गुण.

त्यावर वाचकांची झुंबड उडाली. 'मावशी, आम्हाला तर सगळं कळलं', असं निदान पन्नास जणांनी लिहिलं. मावशी म्हणाल्या, "पन्नास जण सवयीनं ऐकतात, मी कानानं ऐकते." आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. गुरुवारी दुपारी दाराची घंटा वाजली. काकांनी दार उघडलं, तर दारात कामाच्या निळ्या कपड्यांतली, पंचविशीची मुलगी, कमरेला पाने आणि पक्कड लटकवलेली.

"आमच्याकडे लिफ्ट नाही हो," काका म्हणाले.

"माहीत आहे, तीन जिने चढून आले. स्टेनोमावशी इथंच राहतात ना? मी चार गुणवाली."

मावशी पदर सावरत बाहेर आल्या. भांडायची त्यांची पूर्ण तयारी होती. कोर्टात त्यांनी याहून मोठे आवाज पाहिले होते. पण मुलीनं आवाज चढवलाच नाही. तिनं चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुम्ही म्हणता ती सात ठिकाणं मी शंभरदा ऐकली, मावशी. घरच्यांना ऐकवली. आमच्या साहेबांना ऐकवली, त्यांना तर रॅप म्हणजे काय तेही माहीत नाही. सगळ्यांना कळलं. मग तुम्हालाच का नाही कळत? माझं चुकत असेल तर मला शिकायचंय."

मावशींना हे आवडलं. "म्हण बघू माझ्यासमोर. नुसत्या आवाजात, बाजा नको."

त्यांनी वही घेतली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून म्हणू लागली आणि पेन्सिल पळू लागली. पहिलं कडवं, दुसरं कडवं. सातातली दोन ठिकाणं आली आणि गेली, पेन्सिल अडली नाही.

"बघ, म्हटलं की नाही? नीट म्हटलंस की येतं नीट," मावशी म्हणाल्या.

"मी तसंच म्हटलं, मावशी. अगदी तसंच."

तिसरं कडवं तिच्या आईबद्दल होतं. ते कुणाच्या डोळ्यांत बघून म्हणायला ती लाजत असावी, कारण ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. आवाज तोच, खोली तीच, मधे फार तर चार पावलांचं अंतर. मावशींची पेन्सिल दुसऱ्या ओळीवर अडखळली. तिसरीत एक शब्द सुटला, चौथीत दोन. पाचव्या ओळीला पेन्सिल थांबलीच.

मुलीनं वळून पाहिलं. मावशी कागदाकडे बघत होत्या.

"परत म्हण," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथूनच. तोंड तिकडेच ठेवून."

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच झालं. दारात उभ्या असलेल्या काकांना सगळं कळलं होतं. तीन वर्षं 'तुला ऐकू येत नाही' म्हणून ते सांगून दमले होते. जवळ येऊन त्यांनी फक्त मावशींच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे मी ओठ वाचत होते," मावशी म्हणाल्या. "समोर बसून, इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी त्या कानाच्या दवाखान्यात गेल्या. लिफ्टवाली सुट्टी टाकून बरोबर आली. काचेच्या खोलीत बसून मावशींनी आवाज आला की बटण दाबलं, बराच वेळ दाबलंच नाही, मग उगाच दोनदा दाबलं. तपासणाऱ्या तरुणानं आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ गेली होती आणि मग जिना उतरावा तशी खाली. "खालचे आवाज उत्तम येतात तुम्हाला. बारीक, वरचे आवाज गळतात. स, श, फ, ख. हळूहळू वाढत आलंय, चार-पाच वर्षं तरी झाली असावीत."

मावशींनी मनात वर्षं मोजली. चार-पाच वर्षं म्हणजे कोर्टातली शेवटची दोन-तीनसुद्धा त्यात आली. बाहेर पायऱ्यांवर बसून त्यांनी हिशोब लावला आणि मग त्यांचा जीव भांड्यात पडला. तिथं साक्षीदार समोर असायचा आणि जबाब त्याला वाचून दाखवल्याशिवाय सही होत नसे. चूक असती तर त्यानंच धरली असती.

"आणि इथं?" त्या लिफ्टवालीला म्हणाल्या. "इथं मी कुणाला वाचून दाखवलं? ऐकलं आणि शिक्षा ठोठावली."

श्रवणयंत्र आलं, तो पहिला दिवस त्यांनी घरात फिरून काढला. कागदाचा आवाज, चपलांचा आवाज, काकांचं वर्तमानपत्र. "अहो, किती मोठ्यानं बोलता!" असं त्या म्हणाल्या आणि काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्यांनी भाचीला सांगितलं की दोन महिने नवं काही लिहिणार नाही. आधीची सगळी एक्काहत्तर परीक्षणं त्या पुन्हा तपासणार होत्या. भाची घाबरली. "मावशी, एवढं कुणी करत नाही गं. एक ओळ टाकू ना दिलगिरीची."

"एका ओळीत एक्काहत्तर माणसं मावत नाहीत."

रोज सकाळी दोन, दुपारी एक, असं त्यांनी सगळं पुन्हा ऐकलं. बहुतेकांचे गुण तसेच राहिले, चौदा जणांचे वाढले आणि तिघांचे चक्क घटले. त्यातल्या एका घटीचं कारण ऐकण्यासारखं होतं. एका अल्बमातल्या 'दारात येऊन सावली शिवतो' या ओळीवर मावशींनी पूर्वी अख्खा परिच्छेद लिहिला होता. असा कवी पिढीत एखादाच, वगैरे. यंत्र लावून ऐकलं, तर तो म्हणत होता, 'दारात येऊन चावी फिरवतो'.

लांबलचक दुरुस्ती छापून आली. सुरुवातीलाच लिहिलं होतं: मला कमी ऐकू येत होतं, आणि दोष मी तुमच्या तोंडाला दिला. खाली एक्काहत्तर नावं, जुने गुण, नवे गुण, कारणं. चावीवाल्यानं उलट कळवलं की सावलीची ओळ आपल्याला जास्त आवडली, पुढच्या गाण्यात वापरू का? मावशींनी परवानगी दिली.

लिफ्टवालीचे चाराचे साडेसहा झाले. ती संध्याकाळी तीन जिने चढून धापा टाकत आली.

"साडेसहाच?"

"शब्द आता स्वच्छ आहेत, त्याचे अडीच वाढवले. बाकीचा दोष माझ्या कानाचा नाही. तुझं तिसरं आणि पाचवं गाणं एकच आहे, नुसते कपडे बदललेत."

"वेगळी आहेत, मावशी! पाचव्याचा ठेका बघा ना..."

"बस. म्हणून दाखव."

तिनं दोन्ही म्हणून दाखवली, टेबलावर बोटांनी ठेका धरून. मावशींनी ऐकलं, मान हलवली. एकच. मुलीनं पुन्हा म्हटली आणि अर्ध्यावर स्वतःच थांबून कपाळावर हात मारला. पाचवं ती नव्यानं लिहिणार होती. काका आतून विचारत होते की पोरगी जेवायला थांबणार आहे का, आणि दोघींनी एकदमच "हो" म्हटलं.