शंभराव्या ठोक्यानंतर

“झाले शंभर,” असं म्हणून काका हातोडी खाली ठेवत. मग समोर गिऱ्हाईक ताटकळत असो, की भांड्याचा काठ अर्धाच वळलेला असो. गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठत, दोन्ही हात कमरेवर ठेवून आळीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत चालत जात आणि परत येऊन बसत.

नाशिकच्या तांबट आळीत मी त्यांच्या समोरच्या माडीवर राहत होतो. घोटीकडच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घड्याळ नव्हतं, काकांच्या फेऱ्यांवर माझा अभ्यास चाले.

त्यांचे पाठीचे मणके झिजले होते. डॉक्टर म्हणाले होते, “दुखणं पुरतं जाणार नाही. हे काम सोडा.” शेजारीच ठोकत बसणारे थोरले भाऊही तेच म्हणत.

“दुकानात गादीवर बस. मामलेदारासारख्या फेऱ्या मारतोस, आळी हसते.”

“दादा, तांबं ठोकून ठोकून ताठरलं की आपण भट्टीत घालून मऊ करतो ना? तसंच ठोकत राहिलो तर चिरतं. मग पाठीनंच काय पाप केलंय?”

संध्याकाळी काकू भट्टीजवळची गरम वीट फडक्यात गुंडाळून आणत. काका ती पाठीला लावून डोळे मिटत.

एकदा लग्नाचं मोठं घंगाळ करायला आलं. दादांनी बजावलं, “हे वेळेत झालं तर हातोडी तुझी. नाहीतर गादी.”

काकांनी मला हाक मारली. “एवढ्या मोठ्या कामात हात चालू लागला की माझं मोजणं सुटतं. तू वरून ओरड. कॉलेजात शंभरपर्यंत शिकवलंय ना?”

मी रोज ओरडू लागलो. पण एका दुपारी नवरीचे वडील चार पाहुण्यांना घेऊन घंगाळ बघायला आले. शंभर झाले. एवढ्या मोठ्या माणसांसमोर ओरडायची मला लाज वाटली. दोनशे झाले. तीनशेच्या आसपास काकांच्या हातातून हातोडी निसटली. त्यांना उचलूनच आत न्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशीही ते उठले नाहीत. दादा त्यांची हत्यारं गोळा करू लागले, तेव्हा मी जिना उतरून आत गेलो. पालथ्या हंड्यावर पाय ठेवून काका उताणे पडले होते.

“काका, माझ्यामुळे...”

“अरे, शंभर झाल्याचं पाठीनं मलाही सांगितलं होतं. चार माणसांत उठायची मला तुझ्याहून जास्त लाज वाटली. आता दोघं मिळून निर्लज्ज होऊ.” मग बाहेर ओरडले, “दादा, हातोडी तिथंच राहू दे!”

दोन दिवसांनी ते पुन्हा बसले. या वेळी पन्नासच ठोके. मी खिडकीतून “पन्नास!” म्हणून असा ओरडलो की सगळी आळी हसली. काकाही हसत पिंपळाकडे निघाले. घंगाळ हळदीच्या आदल्या दिवशी गेलं.

पुढे मी शिकायला पुण्याला गेलो. सुटीत आळीत आलो, तर काकांची जागा रिकामी. मी दादांना विचारलं, “काका?”

“येवल्याला गेलाय लेकीकडे,” दादा मान वर न करता म्हणाले. “मोटारीत निम्मी वाट उभा राहिला असेल. ऐकतोय कुणाचं!”

ते पुन्हा ठोकू लागले. मी सवयीनं मोजू लागलो. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर. दादांनी हातोडी ठेवली, इकडेतिकडे पाहिलं, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि कमरेवर हात ठेवून पिंपळाकडे निघाले.