उलटं जहाज

माझी मावशी सव्वीस वर्षं उभी आहे. म्हणजे घरी बसते, झोपते, चार माणसांसारखं सगळं करते. पण सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच पॅकिंगच्या टेबलाशी उभी. आमच्या कारखान्यात खोकी बनतात आणि भरली जातात. चपलांची, औषधांची, खेळण्यांची, ज्याची ऑर्डर येईल त्याची. सगळे तिला मावशीच म्हणतात, मालकसुद्धा. खरी मावशी ती फक्त माझी, आईची थोरली बहीण. मला या नोकरीला चिकटवलं तेही तिनेच. त्याबद्दल तिचे आभार मानावेत की तिच्याशी भांडावं, हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

तिचे गुडघे कामातून गेलेत. जिना ती तिरकी होऊन उतरते, एकेक पायरी, कठड्याला धरून. दुपारी तीननंतर ती या पायावरचा भार त्या पायावर टाकत राहते. ते मला मान वर न करताही कळतं, कारण तिची चप्पल कुरकुरते. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि नेमकी तेव्हाच खिडकीजवळच्या तपासणीच्या टेबलाची खुर्ची रिकामी झाली. अख्ख्या हॉलमध्ये बसून करायचं काम ते एकच. भरलेलं खोकं उघडायचं, यादीशी ताडून पाहायचं, सही करायची. मालक मावशीला म्हणाले, "ही हजार खोक्यांची ऑर्डर एकाही तक्रारीशिवाय जाऊ दे, मावशी. मग ती खुर्ची तुमची."

त्या संध्याकाळी तिने आईला फोन करून हे तीनदा सांगितलं. मी तिच्याच घरी राहते; पलीकडे कांदा चिरत होते, मला पाठ झालं.

ऑर्डर होती एका खेळाची. टपाल तिकिटं जमवायचा, अल्बममध्ये मांडून डोकं लढवत खेळायचा खेळ. ज्या बाईने तो तयार केला होता तिला आम्ही खेळवाली म्हणायचो. ती यायची, ऑफिसात मालकांशी तासभर बोलायची, काचेतून आम्हाला हात करायची आणि जायची. आमच्यापर्यंत पोचला तो कामाचा कागद: एका खोक्यात चार अल्बम, एक कापडी पिशवी, पुठ्ठ्याची एकशेआठ तिकिटं. नियमांची पुस्तिका दुसरीकडे छापायला टाकली होती, ती शेवटी यायची होती. थोडक्यात, खेळ आम्ही भरत होतो, पण तो खेळतात कसा हे कोणाला ठाऊक नव्हतं. आम्हाला कोण सांगणार? चपला भरताना तरी कोणी आमचे पाय मोजले होते!

पहिल्याच दिवशी मावशीच्या हाताला ते लागलं. एका खोक्याला एक छापील शीट, तिच्यातून तिकिटं सुटी करायची आणि पिशवीत भरायची, असं काम होतं. प्रत्येक शीटवर निळ्या जहाजाची सात तिकिटं सरळ होती आणि आठवं उलटं. अक्षरं सरळ, पण पाणी वर, जहाजाचं शिड खाली. दुसरी शीट काढली, तिथेही तेच. दहावी काढली, तेच.

"झोपेत छापलंय मेल्याने," मावशी पुटपुटली.

छपाईवाला एका दिवसात सगळी छपाई उरकून सुटीवर गेला होता, बायकोच्या बाळंतपणासाठी. आधीच्या ऑर्डरीत त्याच्या हातून रंग चुकला होता आणि मालकांनी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल म्हणून.

"ऑफिसात सांगूया का?" मी विचारलं.

"गप बस. घरात नवं बाळ आलंय त्याच्या. आपल्या टेबलावर निस्तरतंय ना? मग निस्तरायचं."

ही आमच्या टेबलाची जुनी रीत. कापणाऱ्याची कड वाकडी आली तर आम्ही ती घासून घेतो, डिंकवाल्याचा कोपरा सुटला तर चिकटवतो, आणि वर चकार शब्द काढत नाही. त्यांनीही आमच्या चुका अशाच पोटात घातल्यात. एखादं तिकीट फाटलं तर बदलायला म्हणून शंभरेक शीट जादा दिल्या होत्या. आम्ही प्रत्येक खोक्यातलं उलटं जहाज काढून टाकलं आणि जादा शीटमधलं सरळ जहाज घातलं. तीन आठवडे. मावशीने काढली तेवढीच मी काढली असतील. उलटी सगळी तिने बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवली होती, छपाईवाला परत आला की त्याला बाजूला घेऊन दाखवायला. दिवसाअखेर पाय पाण्यात सोडून बसली की म्हणायची, "एक चूक बाहेर जाऊ दिली नाही मी." थकलेली असायची, पण खूष असायची.

सहाशे चाळीस खोकी भरून झाली त्या दिवशी खेळवाली दुपारी आली. आमची जेवणाची सुटी होती. तिने थप्पीतलं एक खोकं उचललं आणि म्हणाली, "इतके दिवस भरताय, एक डाव तरी खेळून बघा." मालक गिऱ्हाइकाला खूष ठेवायला स्वतः बसले. मावशीला आणि मलाही बसवलं.

खेळ मजेदार होता, खोटं कशाला बोलू. पिशवीतून न बघता तिकिटं काढायची, अल्बममध्ये रांगा जुळवायच्या, आपल्याला नको ते दुसऱ्याशी बदलायचं, आणि दुसऱ्याला काय हवंय याचा थांग लावून नेमकं तेच दाबून ठेवायचं. मावशीने मालकांना लागणारं लाल पक्ष्याचं तिकीट असं दाबून धरलं की मालक रडकुंडीला आले. सव्वीस वर्षांत तिला मालकांना 'नाही' म्हणायची संधी पहिल्यांदाच मिळाली होती. तिने ती तीनदा घेतली.

"कमाल आहे, उलटं जहाज अजून कोणालाच आलं नाही?" खेळवाली म्हणाली. "सगळा खेळ त्यावर आहे. ते कुठल्याही रांगेत चालतं. पण ज्याच्याकडे येईल त्याने ते उघडं ठेवायचं, आणि मग बाकीचे तिघं मिळून त्याची अडवणूक करतात. प्रत्येक खोक्यात एकच असतं."

मी मावशीकडे पाहिलं नाही.

पिशवी ओतली. नाही. दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं. मालकांचा चेहरा बदलत गेला. "छपाईत गाळलं असणार त्याने. लावा त्याला फोन. बाळ असो की आणखी काही, उद्या हिशेब करून टाका त्याचा."

मावशी टेबलाला धरून उठली. "त्याला नका फोन करू, साहेब. त्याने बरोबर छापलंय. मी काढली सगळी."

तिने बिस्किटांचा डबा आणून ठेवला. सहाशे चाळीस उलटी जहाजं.

खेळवालीने तोंडावर हात धरला आणि मग मनापासून हसली. "मावशी, खऱ्या छापखान्यात तपासणाऱ्याची नजर चुकते, म्हणून अशी दुर्मीळ तिकिटं बाहेर पडतात. तिथे तुम्ही असतात तर मला हा खेळ सुचलाच नसता!" तिकिटं शाबूत होती, वेळ हातात होता, तिची काही तक्रार नव्हती. ती चहा पिऊन गेली.

मालक हसले नाहीत. "विचारायचं होतं, मावशी. एका शब्दाने विचारायचं होतं. कोणाला न सांगता सहाशे चाळीस खोकी? आणि मी तुम्हाला तपासणीला बसवणार होतो."

"चूक झाली," मावशी म्हणाली.

मी तिथेच होते, तिच्यापासून दोन हातांवर. अर्धी माझी, हे म्हणायला किती वेळ लागला असता? तोंड उघडलंसुद्धा मी. मग मालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं. याची लाज मला आजही वाटते.

चार दिवस आम्ही खोकी पुन्हा उघडली. सरळ जहाज काढायचं, उलटं घालायचं, झाकण लावायचं. मावशी जेवणापुरतीसुद्धा स्टुलावर टेकली नाही. पाचव्या दिवशी मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. खिडकीची खुर्ची त्यांनी मला दिली होती. "तू तरुण आहेस, विचारून काम करशील," म्हणाले.

मी सरळ मावशीकडे गेले. रडू आलं होतं, रागही आला होता, कोणाचा ते नीट कळत नव्हतं. "मी आत जाऊन सांगते. अर्धी मी काढली होती म्हणून सांगते."

"सांग. मग काय होईल?" तिने हातातलं खोकं बंद केलं. "खुर्ची तिसरीलाच मिळेल. मला सात महिने उभं राहायचंय. तुला पंचवीस वर्षं. जा, बस."

"मावशी, पण..."

"बस म्हटलं ना."

मी जाऊन बसले. थोड्या वेळाने ती भरलेली सहा खोकी छातीशी धरून माझ्या टेबलापर्यंत आली, ती एकावर एक ठेवली आणि सही होईपर्यंत समोर उभी राहिली.