आकड्यांना हटकणाऱ्या शेवंताताई

संगणकाच्या पडद्यावर आकडा उमटला की शेवंताताई त्याला दरडावून विचारायच्या, "तू कोण रं?" सांगलीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात मी तेव्हा नवी होते. अंडी उबवण्याच्या यंत्रांचे प्रोग्रॅम आम्ही दोघी सी भाषेत लिहायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

ताई आटपाडीकडच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. "आमचा बा सांजच्याला मेंढरं आत घेताना आदी निवडतो," त्या सांगायच्या. "लंगडं हिकडं, कोकरू तिकडं. मोजायचं मागनं." दशांश आकड्यांचंही त्या तसंच करत. सीमध्ये त्यासाठी तयार सोय आहे. आकडा शून्य आहे, अनंत आहे, फारच बारीक आहे, नेहमीचा आहे, की मुळात आकडाच नाही, एवढं ती सांगते. ही शेवटची जात मला काही केल्या पटेना. आकड्याच्या जागी बसायचं आणि आकडा नसायचं, म्हणजे काय?

ते कळलं कोरेगावला जाणाऱ्या यंत्रामुळे. तिथल्या एक बाई आपली पहिलीच अंडी त्यात ठेवणार होत्या. गाडी दारात उभी होती. ह्या यंत्राचा प्रोग्रॅम मात्र कारखान्याच्या मालकांनी स्वतः लिहिलेला. ताईंनी सरळ तापमान मोजणारी तार उपटली. पडद्यावर आकडा जाऊन 'नॅन', म्हणजे 'आकडाच नाही', असं आलं; हिरवा दिवा मात्र मजेत चालू.

मालक भडकले. "आता ऐन वेळी तार कशाला काढली?"

"आवं मालक, उंदरानं कुरतडली तर? ह्याला इचारा, सदतीसपेक्षा कमी हायस का? न्हाई म्हणतंय. जास्त हायस का? न्हाई. सोताएवढा तरी हायस का? तरी बी न्हाई! तुमचा प्रोग्रॅम म्हणतोय, कमी न्हाई, जास्त न्हाई, म्हंजे समदं झ्याक. आन् आत अंडी गार."

मी खरंच तपासून पाहिलं. तो पठ्ठ्या स्वतःशीसुद्धा जुळेना! मला हसू आवरेना. मालकांनी गाडी थांबवून ठेवली. ताईंनी आधी आकड्याची जात विचारणारी ओळ घातली, आणि तार काढली की भोंगा बोंबलू लागला.

पुढे वडील अंथरुणाला खिळले म्हणून ताई नोकरी सोडून गावी गेल्या. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं. मी लगेच फोन केला.

"ताई, जेवलात का?"

"न्हाई."

"त्रास होतोय का?"

"न्हाई."

"मग बरं वाटतंय का?"

"न्हाई."

पुढचं काही मी विचारलंच नाही. फोन ठेवला आणि आटपाडीची एसटी पकडली.