रिकामी यादी आणि बिराजदार मॅडम

प्रा. सुनंदा बिराजदार यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं, तेव्हा ते पत्र चुकून माझ्या टेबलावर आलं असावं असं मला वाटलं. मी प्राध्यापक नाही. नांदेडच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अठरा वर्षं संगणक प्रयोगशाळेचा सहायक आहे. मॅडमच्या विद्वत्तेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी काय लिहावं, हे कळेना म्हणून त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मला तरी काय ठाऊक? जे घडलं ते लिहा."

म्हणून जे घडलं ते लिहितो. त्यातलं सगळं मला अजून उमगलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली ओळख झाली ती मी नोकरीवर हजर झालो त्या दिवशी. किनवटहून सकाळच्या गाडीनं आलो, हातात नेमणुकीचं पत्र. प्रयोगशाळेत शिरलो तर टेबलाखाली एक बाई आडव्या पडलेल्या, तोंडात छोटी बॅटरी धरून वायरी चाचपत होत्या. मला वाटलं, वायरमनच्या हाताखालच्या असतील. मी विचारलं, "बिराजदार मॅडम कुठं हायत?" त्यांनी तोंडातली बॅटरी काढली आणि म्हणाल्या, "त्या कुठं आहेत हे त्यांनाच कळेना झालंय. ही निळी वायर धरा बरं." मी धरली. तासाभरानं त्या बाहेर आल्या, साडीवरची धूळ झटकली आणि माझ्या पत्रावर सही केली. सही वाचेपर्यंत मला पत्ता नव्हता.

मॅडम मूळच्या उदगीरच्या. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं, घरात कन्नड, शाळेत मराठी. अजूनही एखादी गोष्ट चकवून गेली की त्यांच्या तोंडून "अय्यो" निघतं. वर्गात शिकवताना मध्येच थांबून त्या म्हणत, "थांबा, हे मलाच नीट कळलेलं नाही. उद्या सांगते." नव्यानं आलेली मुलं एकमेकांकडे बघत. ज्या प्राध्यापिकेला कळत नाही ती शिकवणार काय, अशी तक्रार एकदा प्राचार्यांकडेही गेली होती. देगलूर, धर्माबाद, किनवटकडची मुलं मात्र मॅडमच्या तासाला पुढच्या बाकांवर बसत. आपल्याला कळलं नाही हे सांगायची लाज तिथं वाटत नसे.

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं तेव्हा माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मॅडमनी आईला पाच दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आईला वाटलं, या कॉलेजच्या मालकीणबाई आहेत. जाताना ती त्यांना म्हणाली, "बाई, माझ्या लेकाला कामावरून काढू नका." मॅडमनी तिचा गैरसमज दूर केला नाही. "नाही काढणार" एवढंच म्हणाल्या. तेव्हा मी हसलो होतो. पुढं एक दिवस असा आला की ते वाक्य आठवून माझं हसू पळालं.

आता मुख्य गोष्ट. रेणापूर तालुक्यातल्या एका गावाच्या सरपंच अर्चनाताई या मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनी. गाव आणि शिवार यांच्यामध्ये नदी, आणि नदीवर बुटका नळकांडी पूल. वरच्या धरणातून पाणी सोडलं की पूल बघता बघता पाण्याखाली जातो. अर्चनाताई मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, पाणी चढायच्या आधी गावाला कळंल असं काही करता येईल का?" मॅडमनी ते मनावर घेतलं. पाण्याची उंची मोजणारं साधन पुलाच्या वरच्या अंगाला बसवलं, त्याला एक छोटा संगणक जोडला, आणि काठावरच्या खांबावर भोंगा लावला. पाणी ठरावीक खुणेवर आलं की भोंगा वाजायचा. एक पावसाळा तो छान वाजला.

दुसऱ्या पावसाळ्यात एक खोड दिसू लागली. पाण्याचं माप कधीकधी अर्धं मिनिट उशिरा पोचायचं. आमचा प्रोग्रॅम तपासला, त्यात दोष नव्हता. मॅडम म्हणाल्या, दोष कर्नलमध्ये बघावा लागेल. कर्नल म्हणजे संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. सगळी यंत्रसामग्री तोच हाताळतो. त्याच्या पोटात हजारो लहान लहान कामं चालतात, त्यांना फंक्शन म्हणतात. कोणतं फंक्शन कधी चाललं याची नोंद कर्नल स्वतःच ठेवू शकतो. पण सगळ्यांची नोंद ठेवायला लावली, तर त्या लिहिण्यातच छोट्या यंत्राचा जीव जातो. म्हणून एक यादी द्यायची: फक्त यांचीच नोंद कर. या यादीलाच फिल्टर म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलो आणि माझं डोकं गरगरायला लागलं. एक यादी नोंद ठेवायच्या नावांची, दुसरी नोंद न ठेवायच्या नावांची. एखादं नाव दोन्हींत असलं तर त्याची नोंद होत नाही. नवीन नाव घालताना बाणाची खूण एकदा दिली तर आधीची सगळी यादी पुसली जाते, दोनदा दिली तर नाव शेवटी जोडलं जातं. मी आठवडाभर एकच बाण देत राहिलो आणि आपल्याकडे दहा-बारा फंक्शनांची नोंद होतेय अशा समजुतीत राहिलो. होत होती एकाचीच, सगळ्यात शेवटी लिहिलेल्या. मॅडमनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो! मुनेश्वर, आपण आठ दिवस एकाच खिडकीतून बघून राहिलोय की." रागावल्या नाहीत. पुन्हा बसून यादी केली, आणि ती पुलावरच्या यंत्रात घालून काही दिवस नोंदी गोळा केल्या.

नोंदी पुरेशा झाल्यावर हे सगळं बंद करायला मी एकटा गेलो. मॅडमची परीक्षेची कामं चालू होती. मी यादी रिकामी केली. नावंच नाहीत तर नोंद कशाची होणार? यंत्राचं खोकं बंद केलं, कुलूप लावलं, अर्चनाताईंकडे चहा घेतला आणि नांदेडला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीन काढणीला निघालेल्या सात बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पुलावर आल्या, आणि पूल निम्मा ओलांडला असताना पाणी चढलं. भोंगा वाजला नाही. इंजिनात पाणी जाऊन ट्रॅक्टर बंद पडला. ड्रायव्हरनं आणि बायांनी एकमेकांचे हात धरले आणि कमरेएवढ्या पाण्यातून काठ गाठला. कोंडाबाई नावाच्या वयस्क बाई घसरल्या. त्यांना ओढून काढलं, पण पायाचं हाड मोडलं. सगळे काठावर आल्यावर मग भोंगा वाजला.

अर्चनाताईंचा फोन आला तेव्हा मी मॅडमच्या समोरच उभा होतो. त्या खुर्चीतून उठल्या आणि फोन कानाला तसाच धरून गाडीकडे चालू लागल्या. आधी लातूरच्या दवाखान्यात जाऊन कोंडाबाईंना भेटलो. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर पुलावर गेलो.

मॅडमनी यंत्र उघडून ती यादीची फाइल वाचली. रिकाम्या फाइलीत काही दिसायला नको होतं. पण तिथं एक ओळ होती. तिचा अर्थ: सर्व फंक्शन्स चालू. मी ती तीनदा वाचली. यादी रिकामी केली म्हणजे कशाचीच नोंद नको, असं मी समजलो होतो. कर्नल समजला की निवड केलेली नाही, म्हणजे सगळ्यांचीच नोंद हवी. नोंदणी स्वतंत्रपणे बंद करायची असते, ती मी केलीच नव्हती. रातोरात त्या नोंदींनी यंत्राचं मेमरी कार्ड गच्च भरलं, पाण्याचं माप लिहायला जागा उरली नाही, आणि यंत्र अडकून बसलं. ते आपोआप पुन्हा सुरू झालं तेव्हा उशीर झाला होता.

"मी बंद केलं होतं मॅडम," मी म्हणालो. "रिकामं केलं होतं."

त्यांनी फाइल बंद केली. मग त्यांनी विचारलं, "रिकामी यादी म्हणजे सगळं चालू, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी आठवून पाहिलं. मला आठवेना. "नाही," मी म्हणालो.

"मग चूक माझी," त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी ग्रामसभा झाली. लोक तापलेले होते आणि त्यांचं बरोबर होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि काय झालं ते सांगू लागल्या. कर्नल म्हणताच मागून कुणीतरी ओरडलं, "कोणचा कर्नल? मिल्ट्रीचा का?" हशा झाला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर यादी काढली, पुसली, आणि रिकाम्या यादीचा अर्थ समजावून सांगितला. मग म्हणाल्या, "दोष पाण्याचा नाही, यंत्राचाही नाही. तपासणी माझ्या देखरेखीखाली चालली होती. ती बंद करताना आमच्या हातून चूक झाली. जबाबदारी माझी आहे. ठेवायचं असेल तर यंत्र ठेवा, नसेल तर मी आजच काढून नेते."

कोंडाबाईंना बाजेवरून आणलं होतं, पायाला प्लास्टर. त्यांनी विचारलं, "बाई, यादी पुसली तर बंदच व्हायला पायजे ना? मला बी तसंच वाटलं असतं."

"मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मंग असं उलटं कुनी केलं?"

"त्यांचंही काही कारण असेल. पण ते आपल्याला माहीत असायला पाहिजे होतं."

यंत्र राहिलं. माझं नाव कुठंच आलं नाही. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो आणि आपण उठून उभं राहावं की नाही, हे मला कळत नव्हतं. उठलो नाही. पुढं मॅडम महिन्यातून दोनदा कोंडाबाईंना भेटायला गेल्या, पाय नीट होईपर्यंत. पुलावरच्या खोक्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरातला कागद चिकटवला: आधी नोंदणी बंद करा, मगच यादी पुसा, आणि पुसल्यावर वाचून बघा. माप उशिरा येण्याचा मूळ दोषही पुढं सापडला. ओल धरलेल्या एका जोडामुळं कर्नल तेच माप पुन्हा पुन्हा मागत बसत होता. जोड बदलला, खोड गेली.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेचं कपाट आवरताना माझी जुनी वही सापडली. त्यात, त्या अपघाताच्या आधीच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "मॅडम म्हणाल्या, यादी रिकामी म्हणजे सगळं चालू. लक्षात ठेवणे." खाली दोन रेघा ओढलेल्या.

म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. आणि नदीकाठी मी त्यांना नाही म्हणालो होतो.

वही घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं. "अय्यो," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं होय?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्या खरोखर विसरल्या होत्या, की त्या दिवशीही त्यांना आठवत होतं आणि मला वाचवण्यासाठी त्यांनी तो प्रश्न तसा विचारला होता? मला सांगता येत नाही. मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी काय सांगू?" आणि वही परत दिली.

"हे लेखात लिहू का?" मी विचारलं.

"लिहा. पण आधी कोंडाबाईंना जाऊन सांगा. पुस्तक त्यांच्यापर्यंत कधी पोचेल कोण जाणे."

मी गेलो. कोंडाबाई अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: यादी मी पुसली, मला सांगितलेलं होतं, मी विसरलो, आणि वर नाही म्हणालो. त्या पाखडायच्या थांबल्या.

"मंग बाईनं तुमचं नाव का न्हाई घेतलं?"

"मला माहीत नाही, मावशी."

"मला बी कळंना." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "त्या टायमाला आला असता तर शिव्या घातल्या असत्या. आता काय! बसा. च्या ठिवते."

चहा घेऊन निघालो तेव्हा त्या काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. मॅडमना साठ वर्षं पूर्ण होतायत, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "बाईला म्हनावं, साठ म्हंजी लई न्हाई. मी पंच्याहत्तरीची हाय, मोडक्या पायानं शेतात जाते. गुडघे सांभाळ म्हनावं, येळंवर जेव म्हनावं. अजून लई जगायचं हाय तिला."

यापेक्षा चांगली शुभेच्छा माझ्याजवळ नाही. ती जशी मिळाली तशी मॅडमच्या चरणी ठेवतो.