हजेरी-मशीनवाला

नवरा गेल्यापासून मी उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. कापडावर घासून घासून बोटांच्या रेघा गेल्या. मग हजेरीचं नवीन मशीन आलं, ते काय माझा अंगठा घेईना. तीन दिवस कामाला येऊनही गैरहजेरी पडली.

सेठ म्हणाला, "माई, मशीन बोलतं तू आलीच नाय. असंच चाललं तर दुसरी बाई बघतो."

मशीनच्या कंपनीचा माणूस आला. नाव मी विचारलं नाही. दारात चपला काढल्या त्यानं, कारखान्यात कोण काढतं? रुमालानं मशीनची काच पुसली, मग माझा अंगठा पुसला, तेवढ्याच हळू. दहाही बोटं लावून बघितली. एकही लागेना.

सेठ तडकला, "अरे, कॉन्ट्रॅक्ट कशाला केला मग? ठीक करो ना!"

तो आवाज न चढवता म्हणाला, "सेठ, कॉन्ट्रॅक्ट मशीनचं आहे, मावशींच्या बोटांचं नाही. मशीन चांगलं आहे. ज्याचं बोट लागत नाही, त्याची हजेरी वहीत लिहायची. ते काम तुमचं." आणि कागद उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. खाली सेठचीच सही होती.

सेठनं वाचलं, आणि गुमान वही मागवली.

तो चहालाही थांबला नाही. "माझं काम नाही" म्हणणारे जन्मभर पुष्कळ भेटले मला. मग कुणाचं, ते ह्या एकट्यानंच सांगितलं.